अक्काने शिवलेला पट्टा

हयवदन संध्याकाळी बँकेतून घरी आला की आधी मनगटावरचं घड्याळ काढायचा, मग बोटातली अंगठी, मग कंबरेचा बेल्ट. त्याची बायको सुचेता सुरुवातीला हसायची. "अहो, घरी आलाय की विमानतळावर झडतीला उभे आहात?" म्हणायची. तोही हसून घ्यायचा. पण अंगावर धातूचं म्हणून जे काही असेल ते काढल्याशिवाय तो आतल्या खोलीत पाऊल टाकत नसे, कारण आतल्या खोलीत गिटार होती. तीही उघडी नव्हे. कपाटाच्या माथ्यावर, काळ्या पेटीत, पेटीला पितळी कड्या आणि वरून जुनी सुती साडी गुंडाळलेली. बेल्टच्या बकलाला तिच्यावर ओरखडा काढायचाच असता, तर आधी कपाटावर चढावं लागलं असतं. पण भीती असा विचार करून थोडीच लागते?

घर मल्लेश्वरमचं. चार पिढ्या बंगळुरात गेलेल्या. दाराच्या आत मराठी आणि दाराबाहेर कन्नड, आणि उंबऱ्यावर दोन्हींची सरमिसळ. वडील सुब्बाराव सचिवालयात कारकून होते. आई हयवदन लहान असतानाच गेली, तेव्हा त्याला वाढवलं ते थोरल्या बहिणीने. भागीरथीबाई तिचं नाव, पण तिला त्या नावाने फक्त शाळेच्या हजेरीपटात ओळखत. घराची ती अक्का, आणि म्हणून सगळ्या गल्लीचीही अक्का. मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे तिला विचारायची कुणाची छाती नव्हती. विचारलंच तर म्हणायची, "नकाशा काढायला बसले होते, वेळ निघून गेली."

हयवदनला गिटारीचं वेड कॉलेजात लागलं. वडिलांना ते पसंत नव्हतं. वीणा चालली असती, बासरी चालली असती. हे पोटाशी धरून उभं राहायचं वाद्य त्यांना उनाडांचं वाटे. अक्काने मात्र स्वतःच्या पगारातून त्याला कलकत्त्याची एक प्लायवूडची गिटार आणून दिली. तिला चामड्याचा पट्टा होता. माध्व ब्राह्मणांचं सोवळ्यातलं घर, कातडं देवघराच्या भिंतीला लागून कसं चालणार? अक्काने तो पट्टा बाहेर कट्ट्यावरच्या खिळ्याला टांगला आणि जुन्या साडीचा काठ दुहेरी करून स्वतः नवा शिवला. एक टोक गिटारीच्या बुडाच्या गुंडीत अडकवायचं, दुसरं नाडीने वरच्या टोकाला बांधायचं. त्या गिटारीवर तो जे शिकला ते ऐकून, चुकून आणि पुन्हा ऐकून शिकला. पुढे बँकेत लागला, तिथे मल्लाप्पा भेटला. मल्लाप्पाला गाण्याचा गळा होता आणि त्याहून मोठा होता उत्साह. त्याने आर्केस्ट्रा काढला. गणपती, नोव्हेंबरातला कन्नड राज्योत्सव, कुणाचं लग्न, कुठेही ही मंडळी हजर.

एका राज्योत्सवाला भर स्टेजवर ती नाडी सुटली आणि गिटार धाडकन खाली पडली. लोक हसले, हयवदनही हसला. घरी येऊन फट गोंदाने चिकटवली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वाजवायला घेतली. तेव्हा त्याला भीती म्हणून वाटली नाही. हे मुद्दाम सांगायचं, कारण तो मुळातला भित्रा माणूस नव्हता.

१९९२ साली कुक टाऊनमधले एक म्हातारे अँग्लो-इंडियन साहेब मुलीकडे ऑस्ट्रेलियाला कायमचे निघाले. घरातलं सामान विकायला काढलं होतं. मल्लाप्पाला कुणीतरी सांगितलं आणि तो हयवदनला नुसतं बघायला म्हणून घेऊन गेला. साहेबांकडे एक अमेरिकन गिटार होती. त्यांच्या तरुणपणची. लाकूड मधासारखं झालेलं, आणि छिद्राच्या खालचं रोगण साहेबांच्या बोटांनी झिजून आतलं कोरं लाकूड दिसत होतं. हयवदनने ती मांडीवर घेऊन एक कॉर्ड छेडली. त्या आवाजाला बूड होतं. विहिरीत दगड टाकल्यावर खालून येतो ना, तसा तो आवाज उशिरा आणि खोलातून वर यायचा.

त्या दिवशी तो जेवला नाही. अक्काने विचारलं तेव्हा सगळं सांगितलं आणि वर म्हणाला, "बघून आलो, तेवढं पुरे."

अक्का नुकतीच निवृत्त झाली होती, फंडाचे पैसे हातात आले होते. तिने सहज विचारावा तसा पत्ता विचारला. भूगोलाची बाई, एकदा ऐकलेला पत्ता विसरते कशाला? दोन दिवसांनी दुपारी दारात ऑटो थांबला आणि छत्री काखेत मारून, भली मोठी काळी पेटी कवेत धरून अक्का खाली उतरली. ऑटोवाल्याशी तिचं भांडण रंगात आलं होतं.

"पेटीचे वेगळे पैसे म्हणतो," ती आत येत म्हणाली. "मी म्हटलं, अप्पा, ही पेटी सबंध वाट माझ्या मांडीवर बसली आहे, तुझ्या सीटवर नाही. वेगळं मागायचंच तर मी मागायला हवं."

सुचेताने पेटीकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. ती पुण्याची, मनातलं ओठांवर यायला तिला वेळ लागत नसे. "अक्का, अहो, एवढ्यात स्कूटर आली असती!"

"स्कूटर काय वाजवता येते?"

"हॉर्न तरी वाजला असता."

अक्का मनापासून हसली. मग हयवदन बँकेतून आला. त्याने पेटी पाहिली, अक्काकडे पाहिलं, आणि जमिनीवर बसला. अक्का त्याच्यासमोर बसली. "हे बघ हयवा," ती म्हणाली, "मला काही नको. एकदाच बघायचंय. आपल्या गल्लीच्या गणपतीत स्टेजवर उभा राहा, ही गळ्यात घाल आणि वाजव. मी पुढच्या खुर्चीवर बसून ऐकेन. एवढंच." साहेबांनी दिलेला चामड्याचा पट्टा पुन्हा कट्ट्यावरच्या खिळ्याला गेला. अक्काने आपल्या हिरव्या इरकलीचा काठ उसवला, हयवदनच्या खांद्यावर वीत टेकवून माप घेतलं आणि या गिटारीसाठी नवा पट्टा शिवला.

त्या वर्षीचा गणपती होऊन गेला होता. नवरात्र तोंडावर होतं. या घरात नवरात्रात पायऱ्या रचून बाहुल्या मांडतात, त्यांना गोंबे म्हणतात. आणि शेवटी शेवटी सरस्वतीच्या शेजारी पुस्तकं, वाद्यं, जे विद्येचं ते ठेवून त्याची पूजा करतात. पूजेत ठेवलेल्या वस्तूला दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही, आणि दसऱ्याला तिचा थोडा तरी वापर करायचाच. पुस्तक असेल तर दोन ओळी वाचायच्या, वाद्य असेल तर वाजवायचं. अक्काने नवी गिटार पेटीतून काढून कौतुकाने सरस्वतीजवळ उभी केली. हळद वाहिली, अक्षता वाहिल्या आणि ओल्या कुंकवाचं बोट गिटारीच्या अंगावर टेकवलं. नेमकं छिद्राच्या खाली, जिथे लाकूड कोरं होतं तिथे.

हयवदन अंघोळ करून आला आणि ओरडला.

"अक्का! हे काय केलंस! काही कळतं का तुला? कोरं लाकूड आहे ते, मुरलं आता! दगडी पाटा आहे का हा कुंकू फासायला?"

तो ओल्या पंच्याने ते पुसायला लागला, तसं कुंकू आणखी पसरलं आणि आत गेलं. त्या घरात अक्कावर आजवर कुणी आवाज चढवला नव्हता, सुब्बारावांनीही नाही. सुचेता हातात नैवेद्याची वाटी घेऊन दारातच थबकली. अक्काने आपल्या लाल बोटाकडे पाहिलं. "चुकलं बाबा," ती म्हणाली आणि हात धुवायला गेली.

रात्री जेवताना त्याने माफी मागितली. तिने "सरी, सरी", म्हणजे बरं, बरं, म्हणून विषय संपवला, त्याला भाजी वाढली. पण त्यानंतर तिने त्या गिटारीला कधी हात लावला नाही. दर नवरात्रात कुंकवाचं बोट लागायचं ते पेटीच्या झाकणाला, आणि पेटी उघडायला ती हयवदनला हाक मारायची.

गिटारीवर करंगळीएवढा लालसर डाग राहिला. आणि हयवदनच्या मनात एक गोष्ट पक्की बसली, की ही वस्तू बिघडू शकते, आणि क्षणात बिघडू शकते. त्यातून ती आता पूजेला बसलेली. देव्हाऱ्यातली वस्तू घामेजल्या अंगावर कशी घालायची? दसऱ्याच्या सकाळी तो हात कोरडे करून पेटी उघडायचा, गिटार मांडीवर घेऊन एकच कॉर्ड छेडायचा आणि आवाज पुरता विरायच्या आत ती मऊ फडक्याने पुसून परत ठेवायचा. अक्का स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर थांबून ऐकायची.

"झालं?"

"झालं, अक्का."

"छान आहे हं आवाज," ती म्हणायची आणि आत जायची.

गणपती जवळ आला की ती विचारायची, "यंदा ती ना?" आणि यंदा नेहमीच काहीतरी असायचं. एका वर्षी आभाळ भरून आलं होतं, दुसऱ्या वर्षी मांडवाचे बांबू डुगडुगत होते. एकदा गिटारीच्या तारा जुन्या होत्या, एकदा नव्या होत्या आणि बसायच्या होत्या. मल्लाप्पा तर स्टेजवरूनच माईकमध्ये चिडवायचा. कन्नडमध्ये म्हणायचा, "मंडळी, आमच्या हयवदनच्या दोन बायका आहेत. एक रोज कष्टाला येते, ती ही. दुसरी राणीसाहेब, ती पडद्यात असते!" लोक खदखदा हसायचे. पहिल्या रांगेत सुचेता बसलेली असायची. तीही हसायची, पण अक्काकडे बघून मग गप्प व्हायची.

आर्केस्ट्रात कुणालाच न कळलेली एक गोष्ट हयवदनला मात्र ठाऊक होती. ओरखड्याची भीती खरीच होती, पण तिच्या मागे दुसरी एक दडलेली होती. प्लायवूडच्या गिटारीवर वाईट वाजलं तर लोक म्हणत, बिचारा, त्या खोक्यातून आणखी काय निघणार! चांगलं वाजलं तर म्हणत, त्या खोक्यातून एवढं काढतो, धन्य आहे. त्या स्वस्त गिटारीने त्याला दोन्ही बाजूंनी सांभाळून घेतलं होतं. ही दुसरी सांभाळून घेणार नव्हती. ती गळ्यात घालून उभं राहायचं म्हणजे जे निघेल ते आपलंच, हे कबूल करायचं. आणि समोर अक्का बसलेली. तिने ज्यांच्यासाठी आयुष्याची पुंजी मोडली ती बोटं साधारणच आहेत, हे तिला कळलं तर? हे तो सुचेतालाही बोलला नाही. त्यापेक्षा पावसाचं नाव घेणं सोपं होतं.

मग अक्काला कमी ऐकू यायला लागलं.

आधी दुधवाल्याची हाक चुकली. मग कुकरच्या शिट्ट्या. रेडिओ इतका मोठा व्हायला लागला की समोरच्या घरातून हसून "अक्का, आम्हीही ऐकतोय हं!" अशा हाका यायच्या, आणि त्याही तिला ऐकू जात नसत. शाळेत पन्नास मुलींचे चेहरे एकदम वाचायची सवय होती, त्यामुळे ओठांवरून तिला बरंच समजायचं आणि घरात कुणाच्या फारसं लक्षात आलं नाही. शेवटी सुचेताने हट्टाने राजाजीनगरातल्या डॉक्टरकडे नेलं. हयवदनही बँकेतून परस्पर तिथे आला.

"शिरा थकल्या आहेत," डॉक्टर म्हणाले. "डावा कान अजून बरा आहे, उजवा जवळजवळ गेलाय. हळूहळू डावाही जाईल. किती हळू, ते मी सांगू शकत नाही."

परतताना अक्का बसच्या पुढच्या बायकांच्या सीटवर बसली. मागे उभ्या असलेल्या हयवदनला सुचेता हलक्या आवाजात म्हणाली, "अहो, आता तरी."

"या गणपतीत नक्की."

"दर वर्षी नक्कीच असतं तुमचं."

"नाही, सुचेता. शप्पथ."

ते १९९६ साल. त्याने खरोखरच तयारी केली. नव्या तारा आणून महिनाभर आधी चढवल्या, म्हणजे बसतील. नाडीऐवजी जाड सुती दोरी घेतली, ती ओढून ओढून तपासली. अक्काला सांगितलं, "यंदा ती." कार्यक्रमाच्या दिवशी अक्काने ती हिरवी इरकल नेसली. काठाच्या जागी तिने साधी सुती पट्टी लावून घेतली होती. तासभर आधी जाऊन तिने पहिल्या रांगेतली उजवीकडची खुर्ची धरली, म्हणजे डावा कान स्पीकरकडे येईल.

हयवदन निघाला तेव्हा त्याच्या एका हातात काळी पेटी होती आणि दुसऱ्या हातात जुनी गिटार.

"ही कशाला?" सुचेताने विचारलं.

"असू दे. एखादी तार तुटली तर."

सुचेताने तेव्हाच ओळखलं. पण माणूस देवाच्या कामाला निघताना मागून काय बोलायचं?

स्टेजच्या मागे ताडपत्रीच्या आडोशाला हयवदनने पेटी उघडली. घड्याळ, अंगठी, बेल्ट काढून खिशात टाकले. हिरव्या काठाचा पट्टा डोक्यावरून घेतला आणि चार वर्षांत पहिल्यांदा ती गिटार गळ्यात घालून तो उभा राहिला. तिचं वजन खांद्यावर आलं. जड होती, पण अंगाला अशी बसली जणू मापाचीच. त्याने बारीक आवाजात तारा छेडल्या आणि तो आवाज त्याच्या बरगड्यांतून गेला. मल्लाप्पा बघत होता. चेष्टा करायचंही विसरला. "हयवदना," एवढंच म्हणाला, "अरे, हे काय आहे!"

तेवढ्यात मंडळाचा एक जण कॉफीचा ट्रे घेऊन वाकून ताडपत्रीतून आत आला. वायरमध्ये त्याचा पाय अडकला. पडला नाही, नुसता झोकांडला. एक ग्लास कलंडला आणि कॉफी हयवदनच्या उजव्या बाहीवर उडाली. गिटारीवर एक थेंबही नाही. "स्वल्प सांभाळून रे!" मल्लाप्पा ओरडला. तो माणूस अजीजीने माफी मागत गेला.

हयवदनने ओली बाही गिटारीपासून लांब धरली. त्याने बाही पाहिली, गिटार पाहिली, पुन्हा बाही पाहिली. मग दोरीची गाठ सोडली.

"ए, काय करतोस? पडदा वर जातोय!"

"दोन मिनिटं, मल्लाप्पा. दोनच मिनिटं."

ताडपत्रीची एक कड वाऱ्याने उचलली गेली होती. तिच्यातून पहिल्या रांगेची उजवी बाजू सरळ दिसत होती. म्हणजे तिकडूनही इकडचं सरळ दिसत असणार. पण हे त्याच्या तेव्हा ध्यानात आलं नाही. त्याने पेटी बंद केली, कड्या लावल्या, सुचेताला खूण करून बोलावलं आणि तिच्याबरोबर पेटी ऑटोने घरी पाठवून दिली. मग जुनी गिटार घेऊन तो स्टेजवर गेला. त्या दिवशी त्याने फार चांगलं वाजवलं, असं सगळे म्हणाले. अक्काने नेहमीसारख्याच टाळ्या वाजवल्या, डोक्याच्या वर हात नेऊन.

अक्का आणि हयवदन घरी चालत निघाले. मग कोपऱ्यावर आल्यावर तिने विचारलं, "तिच्यावर नाही ना सांडली?"

"काय?"

"कॉफी रे. ती बरी आहे ना?"

"बरी आहे, अक्का." आणि मग, ऐकू जावं म्हणून थोडं मोठ्याने, "पुढच्या वर्षी नक्की!"

"सरी," अक्का म्हणाली.

पुढे जानेवारीत अक्काला ताप आला. बरेच दिवस उतरला नाही. उतरला तेव्हा डावा कानही घेऊन गेला. एका सकाळी ती पलंगावर उठून बसली आणि सुचेताला म्हणाली, "आज एवढं शांत कसं गं? कुणाकडे काही झालं का?" बाहेर भाजीवाला गळा फाडून ओरडत होता. कानात घालायचं यंत्र आणलं. ते घातलं की भांड्यांची मांडणी कोसळल्यासारखा आवाज होतो, म्हणाली, आणि दोन दिवसांत ते काढून बाहुल्यांच्या ट्रंकेत ठेवून दिलं. "कानातली बाहुली," म्हणाली. घरातल्यांना हसवायचं काम तिने सोडलं नाही.

हयवदन रोज बँकेत जात होता, हिशेब जुळवत होता, रविवारी मल्लाप्पाकडे सरावाला जात होता. पण त्या वर्षीच्या गणपतीत तो वाजवायला उभा राहिला नाही. मल्लाप्पा घरी आला, समजावलं, चिडला, शेवटी म्हणाला, "अरे, आता तर घाल ती गळ्यात! आता तुला अडवायला काय उरलंय?" हयवदनने त्याच्याकडे असं पाहिलं की मल्लाप्पा उठून चपला घालून गेला. हयवदनला राहून राहून एकच गोष्ट आठवत होती. पाऊस त्या गिटारीवर कधी पडला नव्हता, बांबू कधी कोसळला नव्हता, कॉफीचा थेंबही उडाला नव्हता. तिच्यावर जो एक डाग होता तो अक्काच्या बोटाचा. आणि त्यावरच तो ओरडला होता.

नवरात्र आलं. अक्काने पायऱ्या रचल्या, बाहुल्या पुसून मांडल्या. पेटीला कुंकू लावलं. दसऱ्याच्या सकाळी ती जमिनीवर बसून फुलं निवडत होती, तेव्हा हयवदन पेटीपाशी आला. घड्याळ हातातच होतं. बेल्टही होता. सुचेताने ते पाहिलं आणि स्वयंपाकघरात गॅस बारीक करून ती दारात येऊन उभी राहिली.

त्याने गिटार काढली, सूर लावले, हिरव्या काठाचा पट्टा डोक्यावरून घेतला. पट्टा आखूड पडला. मापं घेतली तेव्हाचा हयवदन आता उरला नव्हता, गेल्या वर्षभरात पोट सुटलं होतं. गिटार छातीशी लहान मुलासारखी वर आली. तसाच तो अक्कासमोर उभा राहिला आणि वाजवायला लागला. एक कॉर्ड नव्हे. अक्काला आवडायचं ते पद, जे ती पूर्वी सकाळी रांगोळी घालताना म्हणायची, ते पहिल्यापासून शेवटपर्यंत. बेल्टचं बकल लाकडाला घासलं. त्याला ते कळलं, पण बोटं थांबली नाहीत.

अक्का फुलं तशीच ठेवून बघत होती. त्याच्या बोटांकडे, मग चेहऱ्याकडे, मग पुन्हा बोटांकडे. संपल्यावर तिने डोक्यावर हात नेऊन टाळ्या वाजवल्या.

"छान दिसतोस," ती मोठ्याने म्हणाली. आपला आवाज किती मोठा होतो हे तिला आता कळत नसे. "गळ्यात शोभते तुझ्या."

 हयवदन तिच्याजवळ खाली बसला, गिटार गळ्यातच होती. अक्का पुढे वाकली. तिचा हात लाकडापर्यंत आला आणि मध्येच थांबला.

"हात लावू का?" तिने विचारलं.

सुचेताने तोंड फिरवलं. हयवदनने अक्काचा हात धरला आणि छिद्राच्या खाली, त्या लालसर डागावर ठेवला. मग दुसऱ्या हाताने तारा छेडल्या. अक्काने डोळे मिटले. पुन्हा छेडल्या, मग पुन्हा. तिच्या हाताखाली लाकूड थरथरत होतं.

"वर्षाला एकदा वाजवायचास ना," ती डोळे मिटूनच म्हणाली, "तो आवाज आहे माझ्या लक्षात. आता वाजव तू, बाकीचं मी लावून घेते."

त्याने पुन्हा तेच पद धरलं. थोड्या वेळाने अक्का गुणगुणायला लागली. हयवदन दचकला, कारण ती भलतंच काही म्हणत होती. पद वेगळं, ताल वेगळा, आणि सूर एका जागी थांबत नव्हता, दर ओळीला थोडा खाली घसरत होता. हातातलं आपलं वाजवणं त्याने हळूच सोडून दिलं आणि तिच्या पदावर आला. ती जिथे घसरेल तिथे तोही पट्टी बदलून तिच्यामागे जात राहिला. आर्केस्ट्रात इतकी वर्षं घालवून त्याने कुणाला अशी साथ दिली नव्हती. आणि ही साथ चांगली झाली की नाही, हे सांगू शकणारं जे एक माणूस होतं, त्यालाच ती ऐकू येत नव्हती.

पद संपलं. अक्काने डोळे उघडले, शिक्षिकेच्या नजरेने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि पट्टा दोन बोटांनी ओढून पाहिला.

"आखूड होतोय तुला. उतरव, एक वीतभर जोड देते. त्या काठाचा तुकडा असेल ट्रंकेत कुठेतरी." आणि गुडघ्यावर हात टेकून ती उठली, आत गेली.

"राहू दे, अक्का," हयवदन म्हणाला. "मी आता उतरवत नाही."

पण तोवर तिची पाठ वळली होती.